चाकाचा महिना

माघ वद्य नवमी, शके १८०७

ही वही उत्तमची. त्याची शाळा सुटली तेव्हा निम्मी कोरी राहिली होती. तो पाटीवर गिरवायचा नि मी मडकं थापटता थापटता बघायचे, तेवढंच माझं शिक्षण. शुद्ध-अशुद्ध कुणी विचारू नये. लिहिते एवढ्यासाठी की घरात बोलून उपयोग नाही. आमचे हे सगळं ऐकून घेतात नि गप्प बसतात. गप्प बसणाऱ्या माणसाशी धड भांडतासुद्धा येत नाही.

आज नाथा मुकादम आला. ठाण्याच्या एका ठेकेदाराचा माणूस. आगगाडीच्या ठेसनांवर उन्हाळ्यात उतारूंना पाणी द्यायला रांजण हवेत, पार कसाऱ्यापर्यंत. पाडव्याच्या आत हवेत.

हे म्हणाले, "शिवरात तोंडावर आली. मग चाक बसतं."

नाथाला कळेना. मी सांगितलं, शिवरात्रीला चाकावर महादेवाची मातीची पिंड मांडायची, ती पाडव्यापर्यंत हलवायची नाही. तोवर चाक फिरवायचं नाही. सगळ्या कुंभारवाड्याची रीत आहे. ऐन उन्हाच्या तोंडावर, लोक माठ मागत दारात येतात त्याच महिन्यात, आमचे पुरुष हात जोडून बसतात. हे तर गळ घेऊन खाडीवर जातात. एवढ्या वर्षांत बोटाएवढा मासा घरी आला नाही. विचारलं तर म्हणतात, "मासे बघायला जातो."

आणि बाजारात पत्र्याच्या बालद्या आल्यात. त्यांना नाही शिवरात.

मी नाथाला म्हटलं, "होईल."

हे माझ्याकडे बघत राहिले. बघेनात का.

माघ वद्य द्वादशी

नमुन्याचे रांजण गाडीत पेंढ्यात बसवून कल्याणहून ठाण्याला नेले. गाडी उत्तमनं हाकली. हे आले नाहीत, डोकं दुखतं म्हणाले. शीळवरून मुंब्र्याची वाट धरली, टेंभी नाक्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ठेकेदाराची वखार तिथंच.

शेठनं बोटाच्या पेरानं रांजण वाजवला. घंटेसारखा बोलला. वाजेलच, आमच्या यांच्या हातचा.

शेठ म्हणाला, "ठाण्याचे कुंभार नाही म्हणाले. महिनाभर चाक बंद असतं म्हणतात. तुमच्यात नाही का ते?"

मी म्हटलं, "आमच्यात पोट असतं."

तो हसला. काम आम्हाला मिळालं.

परत येताना उत्तम म्हणाला, "आई, शेठला एका वाक्यात गप्प केलंस तू." पोराचे डोळे चमकत होते. मी म्हटलं, "थांबला तो संपला, ध्यानात ठेव." तो ते पुन्हा पुन्हा पुटपुटत होता, बैल हाकावेत तसा.

माघ अमावास्या

काल शिवरात झाली. चाक धुतलं, पिंड मांडली, बेल वाहिला. यांनी पिंड फार मनापासून घडवली. कामाच्या दिवशी एवढा वेळ घेतला तर मी बोलले असते.

आज सकाळी हे चाकापुढं उभे. हात मागं बांधलेले. मी म्हटलं, "उचला की."

"मी नाही उचलणार."

"मग काय महादेव आपण होऊन उठेल?"

उत्तम नि शालू, माझी सून, दोघं भिंतीला चिकटून बघत होती. शेवटी मीच पदर खोचला, पिंड उचलली नि तुळशीपाशी नेऊन ठेवली. ओलीच होती अजून. माझ्या बोटांचे ठसे उठले तिच्यावर. काही झालं नाही. आभाळ पडलं नाही. कोंबडीसुद्धा ओरडली नाही.

हे चाकावर बसले. दांडा घेतला, चाक फिरवलं. म्हणाले, "रखमे, मला हा एक महिना लागतो गं."

लग्न झाल्यापासून यांनी माझ्याजवळ काही मागितलेलं मला आठवत नाही. लागतो म्हणजे काय लागतो? मला नाही लागत तो?

फाल्गुन शुद्ध चतुर्थी

काम जोरात. हे आकार देतात, उत्तम माती मळतो, शालू लीद चाळून मातीत मिसळते, मी थापटते. आतून दगडी गोळा, बाहेरून लाकडी थापटणं, दिवसभर थप थप थप. हा आवाज चालू असला की मला बरं वाटतं. थांबला की घर रिकामं वाटतं, कुणी मेल्यासारखं.

गुणाजीमामंजी आले. यांचे चुलते, कुंभारवाड्याचे पंच. डोक्यावरून पदर घेतला, पण हात थांबवला नाही.

म्हणाले, "सूनबाई, महादेवाला उठवलंत म्हणे."

"निजून निजून कंटाळला होता."

"जीभ आहे का थापटणं?"

"दोन्ही आहेत, मामंजी. एक चालू असलं की दुसरं विसावतं."

ते यांच्याकडे वळले. "महिपता, तू रे? तुला तोंड आहे की नाही?"

हे म्हणाले, "तोंड जड झालंय, काका." नि दुखऱ्या कपाळावर बांधलेली फडक्याची पट्टी घट्ट केली. मला वाटलं, म्हाताऱ्याला बरं टोलवलं यांनी.

जाताना मामंजी उंबऱ्यावर थांबले. "ह्या घराचा विस्तव आजपासून कुणी नेणार नाही." मी म्हटलं, "आमचीच लाकडं वाचतील."

फाल्गुन शुद्ध सप्तमी

आज यांच्या हातून दांडा पडला. चाक फिरतंय नि दांडा पार अंगणात. उत्तमनं आणून दिला. पुन्हा पडला. मी म्हटलं, "हात तेलकट आहेत का तुमचे?" हे हाताकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसे. म्हणाले, "मुंग्या येतात."

मुंग्या मलाही येतात. मी काय सांगत फिरते?

तंबाखूची चिमूट तोंडातून गळते, सदऱ्यावर डाग. शालूला धुवावं लागतं. चांगल्या मोठ्या माणसाला हे शोभतं का?

अष्टमी

काम. वारा नाही. कुणी आलं नाही, कुणी हाक मारली नाही. विहिरीवर मी गेले की बाया घागरी उचलून बाजूला होतात. होऊ देत, रांगेत उभं राहावं लागत नाही.

फाल्गुन शुद्ध एकादशी

रांजणांचा एक आवा भाजून निघाला. बरेच तडकले. मी जळणाला दोष दिला, उत्तमनं मातीला, यांनी कुणालाच नाही.

एक नवीन खोड काढलीय यांनी. रांजण सगळे एका अंगाला बसके. उजवीकडची भिंत जाड नि खाली आलेली, डावीकडची बरोबर. एखाददुसरा असता तर समजले असते. एकूण एक तसे. मी विचारलं, "डोळे मिटून करता का?" म्हणाले, "मला सरळ दिसतात."

मुद्दाम करतात. तोंडानं नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून हातानं म्हणतात. मी काय कच्ची आहे? बसून एकेक थापटून सरळ केला. संध्याकाळपर्यंत खांदा उचलेना, पण रांग बघितली तर कुणी ओळखणार नाही.

जेवताना यांनी शालूला "विहीर दे" म्हटलं. भाकरी म्हणायचं होतं. शालू हसली, मग हसायची थांबली. माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "वाढ त्यांना. दिवसभर जे मनात असतं तेच तोंडात येतं."

विहीर कुठून आली मनात, कोण जाणे.

फाल्गुन पौर्णिमा, होळी

शालूबरोबर होळीला पोळी नि लाकडं पाठवली. लाकडं परत आली. पोळीही आली. मामंजी म्हणाले म्हणे, ह्या घरचं काही अग्नीत पडायचं नाही. पोर रडत आली.

मला राग आला. अंगणात उभी राहून मोठ्यानं बोलले, सगळ्या कुंभारवाड्याला ऐकू जाईल असं. त्यांना रिकामटेकडे म्हटलं, आळशी म्हटलं, देवाच्या आडून झोपा काढणारे म्हटलं. वळून बघते तर हे दारात उभे, चौकटीला धरून, नि तोंड वाकडं करून मला दाखवतायत. अर्धं तोंड हसतंय, अर्धं नाही. मी म्हटलं, "तुम्ही पण वेडावता होय मला?"

हे आत गेले. एक पाय घासत गेले. उंबऱ्याला वहाण अडकली ती तिथंच राहिली.

धुळवड

हे पडले. चाकावरच.

वद्य तृतीया

वैद्यबुवा येऊन गेले. अंगावरून वारं गेलं म्हणाले. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू, सगळं गेलं. त्यांनी मला विचारलं, "आधी काही दिसलं होतं का? हातातून वस्तू पडणं, शब्द चुकणं, चेहरा वाकडा होणं?"

मी म्हटलं, "नाही."

शालू दारात उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणाले, पुन्हा वारं आलं तर सांगता येत नाही. कष्ट नकोत, चिंता नको, जवळ कुणाचा मोठा आवाज नको.

कुंभारवाडा म्हणतो महादेव कोपला. बाया दुरून बघून जातात, काहींनी हात जोडले. मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं. तुळशीपाशी गेले तर पिंड वाळून भेगाळलेली, माझ्या बोटांचे ठसे तसेच. दंडवत घातला. मग उठताना मनात आलं, महादेवानं काय केलं? त्यानं महिना दिला होता. काढून घेतला तो मी.

ते रांजण. एकूण एक उजव्या अंगाला बसके. दुकानात लावावी तशी ओळीनं खूण मांडली होती माझ्यापुढं, नि मी बसून एकेक थापटून पुसली.

वद्य पंचमी

यांना भरवते. अर्धं बाहेर येतं. बोलतात ते कळत नाही. डावा हात माझ्या मनगटावर ठेवतात नि सोडत नाहीत, म्हणून बसून राहावं लागतं. बसता येत नाही मला. तळव्याखाली वळवळ होते. चूल दिसते, केर दिसतो, न थापटलेली मडकी दिसतात. उठू बघते, तर हे धरून ठेवतात. चिडून म्हटलं, "सोडा, कामं पडलीत." सोडलं. लगेच सोडलं. त्यानं जास्त वाईट वाटलं.

बाहेर चाकाचा आवाज येतोय. उत्तम बसलाय चाकावर. मी सांगितलं नव्हतं. मी थांबवलंही नाही.

वद्य षष्ठी

नाथा आला. आजारी माणसाकडे डोकावून, हळहळून, लगेच मुद्द्यावर. "शेठ म्हणतो, बोली ती बोली. वर आणखी माठ हवेत. बघा बुवा, नाहीतर बालद्या आहेतच."

मी बोलायच्या आत उत्तम म्हणाला, "होईल."

अगदी माझ्यासारखं. मान तशीच वर. मला माझाच आवाज बाहेरून ऐकू आला नि तो मला आवडला नाही.

नाथा गेल्यावर मी म्हटलं, "उत्तम, पुरे झालं आता. जेवढे झाले तेवढे देऊ. चाक ठेव."

"थांबला तो संपला. तूच म्हणतेस."

"मी म्हणते ते सगळं खरं असतं का?"

"आजवर तर होतं," म्हणाला नि दांडा उचलला. "बाबा पडलेत आणि तू आता माघार घेतेस? लोक काय म्हणतील, कुंभारणीची जीभ तेवढी चालली?"

शालूनं मला मागच्या दारी नेलं. हळूच म्हणाली, "आत्याबाई, ते जेवताना बसल्या बसल्या झोपतात. घास हातात राहतो. काल मला म्हणाले, डोकं सारखं ठणकतं. कपाळाला फडकं बांधून दे म्हणाले."

मी विचारलं, "कुठलं फडकं?"

"मामंजींचं, ते आजारी पडायच्या आधी बांधायचे तेच. तिथंच खुंटीला होतं."

वद्य सप्तमी

दोनदा सांगितलं. रागावून, मग गोड बोलून. गोड मला येत नाही, त्यालाही ते खोटं वाटलं. म्हणाला, "आई, मध्ये पडू नकोस. शेठनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवलाय." डोळे लाल. पट्टी बांधलेली. पाठीमागून बघितलं तर हेच बसलेत असं वाटलं.

गुणाजीमामंजींकडे गेले. पदर पसरला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, पंच म्हणून त्याला थांबवा. म्हातारा म्हणाला, "तुझ्या घराशी आमचा विस्तव नाही नि शब्द नाही. पिंड उचलताना विचारायला आलीस का?"

बरोबरच बोलला. मीही हेच बोलले असते.

वद्य अष्टमी

नाथा सकाळीच गाडी घेऊन आला, रांजण भरायला. अंगणात गडबड, त्यामुळं शेजारचे पुरुष कुंपणाशी जमलेले, तमाशा बघावा तसे. मामंजीही होते काठी टेकून. उत्तम चाकावर. माठ ओढत होता. गाडी आली तरी उठत नव्हता. मी बघत होते, नि त्याच्या हातून दांडा पडला.

एकदा पडला. त्यानं उचलला. पुन्हा फिरवायला गेला नि पुन्हा पडला.

मी घरातून बाहेर आले नि मोठ्यानं म्हटलं, "शालू, माझ्या ताटाला शिवू नकोस गं. मला कावळा शिवला."

आणि सरळ जाऊन दोन्ही हात चाकावर ठेवले. चिखलात. पसरून.

उत्तम विंचू चावल्यासारखा उठला. बाईनं बाजूला बसायच्या दिवसांत चाकाला शिवायचं नाही, हे आमच्यात तान्ह्या पोरीलाही ठाऊक असतं.

मामंजी कुंपण ओलांडून आत आले. घराशी शब्द नव्हता ते विसरले. "काय केलंस हे, रखमे!"

"चुकून हात लागला."

"दोन्ही?"

"दोन्ही चुकले."

"शुद्धीत आहेस का तू? आधी पिंड, आता हे? आता पाडव्याला अभिषेक झाल्याशिवाय ह्या चाकाला कुणी बोट लावायचं नाही! ए पोरा, सर मागं! माती टाकून दे ती!"

उत्तम म्हणाला, "पण आजोबा, शेठला शब्द..."

"शब्द गेला खाडीत! कुंभार आहेस ना? विटाळलेल्या चाकावरचं भांडं पाण्याला द्यायचंय? कल्याणात तुझ्या हातचं पाणी कोण पिईल?"

नाथा ह्याच्याकडे बघ, त्याच्याकडे बघ. "म्हणजे काय झालं? काम बंद? बाई, शेठ पुन्हा तुमच्या दारात माणूस धाडणार नाही, सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "आहेत तेवढे रांजण ने. पेंढा नीट घाल. शेठला सांग, रखमाबाई बाजूला बसलीय."

उत्तम माझ्याकडे असा बघत होता की मी त्याचं घर जाळलंय. मग पट्टी सोडून फेकली, ओसरीवर भिंतीला टेकला नि टेकल्या टेकल्या झोपला. गाडी भरताना एवढा आवाज झाला, त्याला जाग आली नाही. मी दुरून बघत होते, छाती हलते की नाही. हलत होती.

वद्य नवमी

गोठ्याच्या पडवीत बसलेय. शालू भाकरी दुरून सरकवते. वहीलाही शिवायचं नसतं, पण हिची शुद्धी मी करून घेईन.

काही करायचं नाही. चूल नाही, पाणी नाही, माती नाही. पहिला दिवस म्हणजे फाशी होती. मांडीवर हात आपोआप थापटत होते. शेजारची म्हैस माझ्याकडे बघत होती, तिला पण नवल वाटलं असेल. दुपारी झोपले. दुपारी! सासू असती तर कंबरेत लाथ घातली असती.

उत्तम अजून झोपतोय. उठतो, खातो, बोलत नाही माझ्याशी, पुन्हा झोपतो. नाथा बाजारात सांगत फिरतोय की आम्ही फसवलं. मामंजींनी निरोप धाडलाय, पाडव्याला दंड ठरवू. सुनावतील. आमचे हे कालच्याहून बरे नाहीत, वाईटही नाहीत. रात्र कशी जाईल हे रोजचं आहे आता.

वद्य एकादशी

शालू नि उत्तमनं यांना उचलून अंगणात आणलं, माझ्या समोर, सावलीत. मी इकडे, हे तिकडे, मध्ये विटाळाएवढं अंतर. बोलायला काही नव्हतं, म्हणून बसलो.

हे माझ्याकडे बघायला लागले. मग बंद पडलेल्या चाकाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आणि तोंडाची डावी बाजू हलायला लागली. मला भीती वाटली, पुन्हा वारं आलं. उठणार होते, ओरडणार होते. मग कळलं, हसतायत. अर्ध्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खांदा हलत होता.

यांना ठाऊक आहे. दोन पावसाळे झाले, माझं ते बंद झालं. ह्या एकाच माणसाला ठाऊक आहे. कुंभारवाड्याला कसं कळणार? बाजूला तर मी त्याआधीही कधी धड बसले नाही. शालूला वाटतं आत्याबाई कामापायी लपवून ठेवतात.

मी बोट ओठावर ठेवलं. हे आणखीच हसले. मग दमले, मान भिंतीला टेकली, पण नजर काढली नाही. ऊन सरकत यांच्या पायांवर आलं. मी शालूला हाक मारून पाय सावलीत घ्यायला लावले. मग पुन्हा बसले. मनगट धरायला मी जवळ नव्हते, तरी उठले नाही.

शालू हंडा घेऊन आली. म्हणाली, "आत्याबाई, आज चौथा दिवस. न्हायला पाणी तापवू का?"

मी यांच्याकडे बघितलं.

म्हटलं, "नको. अजून आहे."